पायांची तपासणी

गिम्पी, ऑगस्ट १९४६

मिसेस प्रिंगल यांना नमस्कार,

नेव्हिलचे शेवटचे शब्द तुम्ही विचारलेत. युद्धात न्यू गिनीच्या चिखलात आमचा हा बावीस वर्षांचा लेफ्टनंट रोज गुडघे टेकून आम्हा शिपायांचे पाय तपासायचा. मी म्हणायचो, "साहेब, आता जरा चेपूनही द्या की!"

एके दिवशी त्याला माझी टाच सडलेली दिसली. "डन्स्टन, मागे दवाखान्यात जा. हुकूम आहे." मी त्याला सणसणीत शिवी हासडली. तो हसून म्हणाला, "बूट कोरडे ठेव." मी ऐकलेले त्याचे शेवटचे शब्द हेच. दुसऱ्या दिवशी आमच्या चौकीवर हल्ला झाला आणि तो तिथंच पडला.

त्या शिवीपायी हे पत्र पेटीत टाकवत नाही. पण माझी पोर सध्या त्यानं वाचवलेल्या माझ्या पावलांवर पावलं ठेवून चालायला शिकतेय, म्हणून टाकतोय.

तुमच्या नेव्हिलचा आभारी,
क्लॅरी डन्स्टन