काचेवरची वर्तमानपत्रं

४ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

विद्यापीठाच्या नव्या विज्ञान इमारतीसाठी नमुन्याची खोली बांधून झाली. तुझा भाऊ सध्या हवेत आहे, आणि खोलीतले कागदही. एसी नको, छताला झरोके ठेवून वारा खेळवू म्हणालो होतो. तो इतका खेळला, की कुलगुरूंच्या भाषणाचं दुसरं पान खिडकीतून गेलं. भाषण त्यामुळे सुधारलं, पण रसायनच्या बाईंचा तराजू काही स्थिर होईना.

भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र या तिन्ही विभागांनी एकत्र काम करावं आणि ते येता-जाता विद्यार्थ्यांना दिसावं, म्हणून मी काचेची भिंत घातली. दुसऱ्याच दिवशी प्राध्यापकांनी तिला आतून वर्तमानपत्रं चिकटवली. आता विद्यार्थी तिथे उभे राहून क्रिकेटच्या बातम्या वाचतात. समितीने बजावलंय, महिनाअखेरपर्यंत इथे एकही वर्ग झाला नाही, तर तीन विभाग, तीन दारं आणि मध्ये पक्क्या भिंती. तसं गोदाम बांधायला माझी गरज नाही.

लोभ आहेच, इमारत राहो न राहो.
तुझा धाकटा

११ जून

चि. नकाशेबहाद्दरास,
अ. आ.

हसून हसून पुरेवाट झाली. अरे शहाण्या, तराजू कोणी झरोक्याखाली ठेवतं का? आतल्या कोपऱ्यात दगडी ओटा घाल.

वर्तमानपत्रांचं मात्र मला नवल वाटलं नाही. प्रयोग फसताना कोणी बघू नये, असं प्रत्येकाला वाटतं. मीही जन्मभर दार लावूनच रसायन शिकवलं. शेजारच्या खोलीतले भौतिकचे सर आणि मी, दोघंही आपापल्या संशोधनात धातूच्या एकाच पातळ थराच्या कोड्यापाशी अडलो होतो. हे कळलं कधी, तर त्यांच्या निरोप समारंभात, हातात बशी असताना. आम्ही तिथे खूप हसलो. घरी येऊन मी रडले, हे कोणाला सांगितलं नव्हतं.

जेवणाची आबाळ करू नकोस.
तुझी ताई

२० जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तराजू हलवला, बाई खूश आहेत. तुझं पत्र मात्र खिशात घेऊन फिरतोय. त्या दोन खोल्यांमधली भिंत माझ्यासारख्याच कोणीतरी नकाशावर आखली असणार, याची लाज वाटली.

काल बैठकीत पहिला वर्ग कोण घेणार विचारलं, तर सगळे छताकडे बघायला लागले. छताचे झरोके माझेच, म्हणून क्षणभर छाती फुगली. मग माझी जीभ घसरली. पाहुण्या बाई घेतील म्हणालो आणि तुझं नाव सांगून मोकळा झालो. तुला विचारायचं राहिलं. नाही म्हणालीस तर निमूटपणे पक्क्या भिंती आखीन, पेन्सिलीला टोक करून ठेवलंय.

रागाव, पण लोभ कमी करू नकोस.
तुझा आगाऊ भाऊ

२४ जून

चि. आगाऊ भावास,
अ. आ.

निवृत्त बाईला शोकेसमध्ये बसवतोस होय रे गाढवा? माझा हात आताशा थरथरतो. चार लोकांसमोर नळी फुटली तर, या विचाराने दोन दिवस जेवण गेलं नाही. तुझी इमारत पडली तरी मी येणार नाही, असं ठरवूनही झालं.

मग भौतिकच्या सरांना फोन केला. त्या थराचं कोडं अजून सुटलेलं नाही म्हणाले. मंगळवारी आम्ही दोघंही येतोय. एकाच टेबलावर शिकवू, आणि जे फसेल ते मुलांसमोर फसेल.

बाकी भेटीत कान धरीनच.
तुझी ताई

ता. क. वर्तमानपत्रं तू स्वतः खरवडून काढ. आणि काच दोन्ही बाजूंनी पूस.