इंजिन कंपनीचे, बाकीचे माझे

मी, खाली सही करणारी, मोटार शर्यतीत उतरणाऱ्या एका छोट्या संघाची मालकीण, वय चौसष्ट, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. बुद्धी ठिकाणावर आहे. तसा दाखला डॉक्टरीणबाईंनी दिला आहे आणि त्या समोर बसून माझ्या येरझाऱ्या बघत आहेत. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. उलट "एका जागी बसा" एवढाच सगळ्यांचा आग्रह आहे आणि तेवढेच मला आयुष्यात जमलेले नाही. माझ्या हृदयाची एक झडप नीट मिटत नाही, ती सोमवारी बदलणार आहेत. त्यातून उठले तर हा कागद मीच फाडीन. न उठल्यास पुढे लिहिल्याप्रमाणे वागावे. कोणाला भांडायचे असेल तर त्याने ते आत्ताच करावे, म्हणजे मलाही भाग घेता येईल.

कलम १. आधी, जे माझे नाही ते. वकीलसाहेब म्हणाले, "बाई, मृत्युपत्रात फक्त आपल्या मालकीचं लिहायचं असतं." पण आमच्या शेडमध्ये डोकावणाऱ्याला वाटेल की बाई मोठी आसामी होती, म्हणून खुलासा करते. निळ्या गाडीचा सांगाडा माझा, पण तिच्यातले इंजिन गाडी बनवणाऱ्या कंपनीचे. त्याच्या बोल्टांतून तार ओवून शिशाचे सील मारलेले आहे. आम्ही ते उघडायचे नाही. बिघडले तर खोक्यात घालून पाठवायचे, बदली दुसरे येते. गिअरबॉक्सचेही तेच. शर्यतीच्या जागी कंपनीचा सुट्या भागांचा ट्रक येतो, त्यातून लागेल ते घ्यायचे आणि न वापरलेले परत करायचे. कंपनीचा एक इंजिनीअर आमच्या तंबूत लॅपटॉप उघडून बसतो. ब्रेक कुठे दाबला, वळण कसे घेतले, सगळे त्याच्याकडे जमा होते. आम्ही रक्ताचे पाणी करून शोधलेली युक्ती पुढच्या शर्यतीत त्याच कंपनीची गाडी पळवणारा दुसरा संघ आमच्यावरच वापरतो. याला कंपनीचा पाठिंबा म्हणतात. मी नावे ठेवत नाही. हा पाठिंबा नसता तर आमच्यासारख्या चार माणसांच्या संघाने शर्यत कुंपणाबाहेरून बघितली असती. तेव्हा इंजिन आणि गिअरबॉक्स सील न तोडता परत करावेत. आमची गाडी दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीच्या हातांना ते उघडून बघायची फार दिवसांपासून खाज आहे. मिस्त्री, हात आवरा.

कलम २. राहते घर मुलाला. तो धाकटा. इंजिनाच्या आवाजाने त्याचे डोके उठते, तरी संघाचे करार, विमे, परवाने त्यानेच सांभाळले. न्हाणीघरातला नळ गळतो. तो स्वतः दुरुस्त करत नाही आणि मला करू देत नाही. घर घेताना नळासकट घ्यावे.

कलम ३. माझी सगळी हत्यारे मिस्त्रीला. त्यात टॉर्क पाना आला. बोल्ट नेमका किती आवळायचा ते सांगणाऱ्या या पान्याला मी कधी कोणाला हात लावू दिला नाही, खुद्द मिस्त्रीलाही नाही. त्यावरून त्यांनी एकदा आठवडाभर अबोला धरला होता. आता घ्या, आणि तुम्हीही कोणाला देऊ नका.

कलम ४. माझ्या धाकट्या दिराला ग्रीसचा एक डबा, अर्धा भरलेला. मी शेड घेतली तेव्हा ते चारचौघांत म्हणाले होते, "वहिनी हात काळे करणार आणि आपलं नाव पण." हात काळे झाले. नावाचे काय झाले ते, शर्यतीचे फुकट पास मागायला ते दर हंगामात येतात, त्यावरून त्यांनीच ठरवावे.

कलम ५. कंपनीच्या साहेबांना शेडमधली घडीची खुर्ची. आमच्यासारख्या संघांना काय द्यायचे आणि काय नाही, ते हे साहेब ठरवतात. आम्ही त्यांना पाठीमागे गोडबोल्या म्हणतो. ते गेल्या रविवारी याच खुर्चीत बसून बोलले. खुर्ची एका पायाने डगमगते, हे मी त्यांना मुद्दाम सांगितले नव्हते.

ते काय बोलले ते इथेच लिहिते, नाहीतर पुढचे कलम कोणाला कळणार नाही. आमची निळी गाडी जुन्या घडणीची. तिचे सुटे भाग कंपनी आता बनवणार नाही. इंजिन आणखी एक हंगाम मिळेल, बाकी ट्रकात जे उरले असेल तेवढेच. त्याऐवजी कंपनी नवी कोरी गाडी देते, पुढची दोन वर्षे सगळा भार उचलते, मिस्त्री आणि त्यांच्या हाताखालच्या दोघांना बांधलेला पगार देते. अट एकच. गाडी चालवायला कंपनीचा माणूस बसेल. आज आमची गाडी माझी मुलगी चालवते. तिला त्यांनी "सल्लागार" हे पद देऊ केले आहे, छातीवर बिल्ल्यासकट. उत्तर उद्या, शुक्रवारी हवे.

मग साहेब पुढे वाकले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "मॅडम, मुलीला सांगणं जड जात असेल तर आमचं नाव सांगा. वाईटपणा आम्ही घेतो. कंपनी असते कशासाठी?"

खरे सांगते, त्या क्षणी मला त्या माणसाचे पाय धरावेसे वाटले.

कारण असे. गेल्या हंगामात तिसऱ्या वळणावर मागच्या चाकाला धरून ठेवणारा लोखंडी आर्म तुटला आणि मुलीची गाडी उलटी होऊन छपरावर घसरत गेली. मी शर्यत बघत नाही, बघवत नाही. मी तंबूंच्या मागे फेऱ्या मारते आणि आमच्या गाडीचा आवाज ऐकते. ब्रेक लागला की आवाज बसतो, गिअर बदलला की अडखळतो, मग पुन्हा चढतो. त्या दिवशी तो बसला नाही, अडखळला नाही, सरळ बंद झाला. तेव्हापासून कुठलाही आवाज बंद झाला की माझा जीव उडतो. फ्रिज बंद झाला तरी मी उठून उभी राहते. डॉक्टरीणबाई झडपेला दोष देतात. मला विचाराल तर झडप बिचारी नंतर आली.

मुलगी त्या दिवशी ओढगाडीत ड्रायव्हरशेजारी बसून परत आली. खरचटण्यापलीकडे काही नाही. उतरल्या उतरल्या मिस्त्रीला विचारते, "काका, मागचा आर्म आणखी एखादा आहे ना शिल्लक?" मला तिच्या मुस्कटात मारावीशी वाटली आणि मी तिला पाणी दिले.

कलम ६. संघ, म्हणजे शेड, निळी गाडी, ट्रेलर, तंबू आणि करार करण्याचा हक्क. हे कलम तीनदा लिहिले आहे. खोडलेल्या प्रत्येक जागी माझी सही आहे, ती खाडाखोड माझीच समजावी.

पहिल्यांदा, सकाळी, असे लिहिले: "संघ मुलाच्या नावे करते. त्याने कंपनीचा नवा करार स्वीकारावा." मुलाचे म्हणणे मला पटलेले होते. तो म्हणाला होता, "आई, ताई चांगली चालवते, मी कुठे नाही म्हणतोय? पण चांगलं चालवणारे खूप आहेत. नवी गाडी एकच आहे. आणि मिस्त्रींना या वयात पगार नको का?" यात खोट काढायला जागा नाही. लिहून झाल्यावर मला हलके वाटले. मुलगी हे वाचेल तेव्हा मी नसेन, तिला जाब विचारायला कोणी समोर सापडणार नाही, आणि ती जिवंत राहील. मी उठून खिडकी उघडली. खाली शेडमध्ये ती गाडीखाली शिरली होती, फक्त बूट दिसत होते. ती आतून ओरडत होती, "काका, उजेड इकडे धरा, माझ्या डोळ्यात नको." खिडकी लावली आणि कलम खोडले.

गेल्या सोमवारी मी तिच्यापुढे एक खडा टाकून बघितला होता. म्हटले, कंपनी आता आपलेच ड्रायव्हर बसवायचे म्हणते, त्यांच्यापुढे आपले काय चालणार? तिने हात पुसले आणि माझ्याकडे नीट बघितले. "आई, मला उतरवायचं असेल तर तू उतरव. मी भांडेन, रडेन, काय ते करीन. पण कंपनीच्या खांद्यावर बंदूक ठेवू नकोस." मी औषधाची वेळ झाली म्हणून वर निघून आले.

दुसऱ्यांदा लिहिले: "संघ मुलीच्या नावे." एवढे तीन शब्द लिहिले आणि पुढे हात चालेना. जुनी गाडी, न बनणारे भाग, तिसरे वळण. माझ्या सहीने मी तिला त्यात बसवते आहे असे वाटले. खोडले. वकीलसाहेबांनी साक्षीसाठी आणलेला कारकून दर खाडाखोडीला हजर राहून वैतागला होता. त्याची शेवटची बस होती, तो गेला. डॉक्टरीणबाईंनी नाडी बघितली.

मग मी वकीलसाहेबांना विचारले, हे कलम आजपासून लागू करता येईल का?

"मृत्युपत्र माणूस गेल्यावरच बोलतं, बाई. आज द्यायचं असेल तर बक्षीसपत्र करा."

हे मला आधी कोणी का सांगितले नाही? मी गेल्यावर कागद बोलणार. म्हणजे गोडबोल्याऐवजी कागदाने वाईटपणा घ्यायचा, एवढाच फरक. बंदूक तीच, खांदा दुसरा. मी दारात जाऊन मुलीला हाक मारली. तिच्या मागोमाग मुलगाही वर आला. जे झाले ते वकील आणि डॉक्टर यांच्या समक्ष झाले, म्हणून इथे नोंदवते.

मी म्हटले, "मला तू गाडीत नको आहेस. हे कंपनी म्हणत नाही, मी म्हणते. मला भीती वाटते. उठता बसता वाटते."

ती म्हणाली, "बरं झालं बोललीस."

"मग?"

"मग काय, ऐकलं तुझं. संघ कुणाला देतेयस?"

"तुला. आजच. मेल्यावर नाही."

"मग मी बसणार."

"माहीत आहे."

"चालेल तुला?"

"नाही चालणार. पण संघ तुझा."

मुलगा कपाळाला हात लावून बसला. मग त्यानेच बहिणीला विचारले, "साहेबांना काय कळवू? मालकीण तू." ती म्हणाली, "नव्या गाडीबद्दल आभार मान, पण नको म्हण. आणि ट्रकात मागचे आर्म जेवढे असतील तेवढे सगळे मागून घे. नवे मिळाले नाहीत तर मी गाडी बाहेर काढणार नाही, हेही लिही. मिस्त्रींच्या पगाराचं मी बघते." मी यातले काही सुचवलेले नव्हते. तिने आपण होऊन जे शेवटून दुसरे वाक्य घातले, ते ऐकून मी आज पहिल्यांदा खुर्चीत बसले. फार वेळ नाही.

म्हणून तिसऱ्यांदा, आणि आता शेवटचे: संघाबद्दल या मृत्युपत्रात काहीही लिहिलेले नाही असे समजावे. तो मी जिवंतपणी, धडधडत्या छातीने, मुलीला दिला आहे. बक्षीसपत्र वकीलसाहेब रात्रीत तयार करतील आणि उद्या कचेरी उघडली की नोंदवतील. आत्ताच का नाही, असे मी दोनदा विचारून झाले आहे.

कलम ७. या मृत्युपत्राची अंमलबजावणी वकीलसाहेबांनी करावी. माझ्यामागे फार रडारड करू नये. शर्यत असेल तर ती चुकवू नये.

साक्षीबद्दल खुलासा. कायद्याने दोन साक्षीदार लागतात, आणि मृत्युपत्रात ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये. कारकून बस पकडून गेला. एक साक्ष डॉक्टरीणबाईंची; अंमलबजावणी आपल्याकडे आहे म्हणून दुसरी करायला वकीलसाहेब तयार नाहीत. मुलाला घर आहे, मिस्त्रींना हत्यारे आहेत, दिराला तर ग्रीससुद्धा आहे. वकीलसाहेबांनी सगळी कलमे पुन्हा वाचली, चष्मा काढला आणि म्हणाले की या घरात ज्याला या कागदाने एक खिळाही मिळत नाही असे एकच माणूस आहे.

ठिकाण: शेडवरची ऑफिसची खोली.
दिनांक: ऑपरेशनच्या आधीचा गुरुवार, संध्याकाळ.

लिहून ठेवणार:
(सही) संघाची माजी मालकीण

आम्ही दोघींनी वरील सही आमच्या डोळ्यांसमोर होताना पाहिली आणि मग आपापल्या सह्या केल्या.

साक्षीदार १:
(सही) डॉक्टर. बाई सही करताना पूर्ण शुद्धीत होत्या. उभ्या होत्या.

साक्षीदार २:
(सही) मुलगी. मला या कागदातून काही मिळायचे नाही. आई सोमवारी परत आली पाहिजे.