चिंधी याच घरात राहील

मी, कमळाबाई दौलतराव शिरसाट, वय एकाहत्तर, राहणार उल्हासनगर कॅम्प ४, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहिते. आज सकाळी सुईत दोरा पहिल्याच खेपेस ओवला. यावरून माझे डोळे व डोके ठिकाणावर असल्याचे समजावे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. दबाव आणणारे सगळे विरुद्ध बाजूला आहेत.

१. दोन खोल्यांचे घर माझ्या नावावर आहे. ते मला चिंधीला द्यायचे होते. चिंधी ही आमची मांजर. चार वर्षांपूर्वी कापडाच्या चिंध्यांत सापडली. वकील म्हणाले, "मावशी, मांजरीच्या नावावर घर होत नाही." म्हणून घर मुलगा महेंद्र याला देते. अट एकच. चिंधी असेपर्यंत या घरात राहील. तिला बाहेर काढल्यास घर माझी नणंद बनूबाई, राहणार बदलापूर, हिला जाईल. सूनबाईच्या स्वयंपाकाबद्दल बनूबाई काय बोलते ते सर्वांना ठाऊक आहे. बनूबाईने बॅग भरून ठेवली आहे.

२. अट का घातली ते लिहिते. आमच्या घरी जीन्सचे सुटे धागे कापण्याचे काम चालते. चिंधी मालावर झोपते. सून संजीवनी म्हणायची, "आई, केस चिकटतात. माल परत येईल." गेल्या पौषात मी डोळ्याच्या ऑपरेशनला गेले, तेव्हा महेंद्रने चिंधीला गोणीत भरले. दुसऱ्या गोणीत चाळीस जीन्स होत्या. मांजर आनंदनगरच्या कारखान्यांमागे सोडायची आणि माल गोबिंदराम सेठकडे पोचवायचा, असा बेत. पण तिला लागू नये म्हणून त्यानेच गोणीत जुन्या पँटी अंथरल्या होत्या. ती त्यांवर झोपली. हलली नाही. दोन्ही गोण्या सारख्याच वाटल्या. महेंद्रने जीन्स झुडपांत सोडल्या आणि "जा, परत येऊ नकोस" असे त्यांना सांगितले. हे त्याने स्वतः कबूल केले आहे.

सेठने गोणीत हात घातला. मला फोन आला, "माई, माल तो आ गया. लेकिन इसको पूँछ किसने लगाया?"

महेंद्र परत आनंदनगरला गेला. तिथे कामगार जीन्स घालून बघत होते. एकतीस मिळाल्या.

३. यजमानांची स्कूटर माझ्या नावावर आहे. ती कलम २ मधील कामात सामील होती. नात रिद्धी, वय दहा, हिला देते. ती अठरा वर्षांची होईपर्यंत स्कूटर झाकून ठेवावी. महेंद्रने चालावे. आनंदनगर किती लांब आहे ते कळेल.

४. शिलाई मशीनही रिद्धीला. चिंधी सेठकडून परत घरी आली त्याच्या दुसऱ्या दिवशी रिद्धी बापाला म्हणाली, "पप्पा, मला शाळेत सोडायला येऊ नका. तुम्ही कुठे सोडाल भरवसा नाही."

५. धागे कापायची कात्री संजीवनीला. धार गेलेली आहे. मुद्दाम लावून घेतलेली नाही.

६. हे मृत्युपत्र दर रविवारी जेवायच्या वेळी रिद्धीने मोठ्याने वाचावे. मी हयात असतानाही. महेंद्र म्हणाला, "आई, मृत्युपत्र मेल्यावर वाचतात." मी म्हटले, "तेव्हा तुझे तोंड मला दिसणार नाही."

७. काल संजीवनी चिंधीपुढे दुधाची बशी ठेवत होती. आजूबाजूला कोणी नाही असे तिला वाटले. मी पाहिले. नोंद घेतली आहे. कलम १ बदललेले नाही.

८. चिंधी माझ्याआधी गेली तर हे मृत्युपत्र रद्द झाले असे कोणी समजू नये. मी दुसरी आणीन.

साक्षीदार:
१) गोबिंदराम सेठ, व्यापारी (सही). उजव्या हाताला ओरखडा असल्याने सही वाकडी आली आहे.
२) अंजनी कांबळे, शेजारीण (सही)

लिहून देणार: कमळाबाई दौलतराव शिरसाट (सही)

ठिकाण: उल्हासनगर कॅम्प ४
दिनांक: १४ सप्टेंबर २०२५, रविवार