माणिकने आणलेला निरोप

मी, भागीरथाबाई, मयत पुनाजी सोनबाजी वरघणे पहिलवान यांची विधवा, वय अदमासे चोपन्न, राहणार मौजे आंजी (मोठी), तालुका व जिल्हा वर्धा, आज गुरुवार दिनांक ५ डिसेंबर १९५७ रोजी लिहून ठेवते की, माझी बुद्धी ठिकाणावर आहे, दोन्ही वेळचे जेवण जाते, आणि हे लिहायला मला कोणी भरीला घातलेले नाही. अक्षर माझे स्वतःचे आहे. यजमानांचे नाव मी तोंडाने कधी घेतले नाही, पण लिहायला शिकले ती त्याच नावावरून. कुस्त्यांच्या दंगलीच्या जाहिराती घरात येत, त्यांत त्यांचे नाव कुठे आहे ते एकदा विचारून घेतले, आणि त्या अक्षरांना धरून बाकीची अक्षरे हळूहळू ओळखीची करून घेतली. शाळेत मी गेले नाही. चुकले असेल तिथे वाचणाऱ्याने समजून घ्यावे.

हे मृत्युपत्र घरादारासाठी कमी आणि पाचव्या कलमासाठी जास्त आहे. माझी नणंद पंचफुलाबाई दोन गल्ल्या सोडून राहते, पण तेवीस वर्षांत तिने माझा उंबरा ओलांडलेला नाही. तिला एक गोष्ट सांगायची राहिली आहे. माझ्या मागे हा कागद तिच्यासमोर मोठ्याने वाचावा.

कलम १. राहते घर माझी मुलगी धुरपता हिला द्यावे. नवीन कायद्याने बाईच्या नावचे घर पूर्णपणे बाईचे झाले आहे, हे मी वर्तमानपत्रात स्वतः वाचले आहे आणि वर्ध्याच्या कचेरीबाहेर बसणाऱ्या अर्जनवीसाकडून खात्रीही करून घेतली आहे. तेव्हा पुढे कोणी भाऊबंद हक्क सांगायला आला तर त्याला पाणी द्यावे आणि वाटेला लावावे.

कलम २. घराला लागून असलेला आखाडा गावच्या तालमीचा राहील. कापसाचे एक दलाल तिथे गोदाम बांधायचे म्हणून दोनदा येऊन गेले. तिसऱ्यांदा आले तरी उत्तर तेच. माती दरवर्षी चाळावी, हळद आणि तेल घालावे, आणि मारुतीपुढचा दिवा तालमीतल्यांनी पाळीपाळीने लावावा.

कलम ३. व्यायामाच्या लाकडी मुद्गलांची जोडी तालमीला द्यावी. जोडी म्हणते, पण घरात एकच आहे. दुसरा शेजारचे बापूराव ‘उद्या आणून देतो’ म्हणून घेऊन गेले, तो सोळा वर्षे त्यांच्या गोठ्याच्या दाराला अडकण म्हणून लावलेला आहे. यजमान भिडस्त, त्यांनी मागितला नाही. मी मागते. माझ्या तेराव्याला बापूरावांनी जेवायला यावे आणि येताना मुद्गल घेऊन यावा.

कलम ४. पितळेचा मोठा गडवा धुरपताला. यातूनच पहिलवान दूध पीत. माझ्या सासूबाई सीताबाई पहाटे म्हैस दोहून तो गडवा भरून आखाड्याच्या दाराशी उभ्या राहत आणि मी पाट्यावर बदाम वाटी. आम्ही दोघी फारशा बोलत नसू, पण या कामात कधी चुकलो नाही. पहिल्या कुस्तीला त्यांना नारळ मिळाला होता, मग फेटा, मग नागपूर-अमरावतीपर्यंत नाव गेले. धोबीपछाड टाकायला लागले की समोरच्याला आकाश दिसे, असे लोक सांगतात. मी त्यांची एकही कुस्ती पाहिली नाही. बायका दंगलीला जात नसत. मी फक्त त्यांचे चुरगळलेले कान शेकले आणि खांद्याला लेप लावला.

कलम ५. चांदीचे कडे. हे पंचफुलाबाईला द्यावे. हे तळेगाव (श्यामजी पंत) येथे सन १९३४ च्या कार्तिकातल्या दंगलीचे इनाम. जोड होती अल्लीपूरच्या अण्णाजी भोयर पहिलवानांशी. त्या वेळच्या मालगुजारांनी शब्द दिला होता की ही कुस्ती मारली तर घर आणि आखाड्याची जागा आमच्या नावे करून देतील. तोपर्यंत आम्ही दुसऱ्याच्या जागेत होतो.

तळेगाव माझे माहेर. यजमानांबरोबर जाऊन मी भावाच्या घरी उतरले होते. सासूबाई इथे आंजीला पंचफुलाबाईजवळ होत्या, थोड्या आजारी. दंगलीच्या दिवशी पहाटे त्या गेल्या. तालमीतला माणिक मोटारीने निघून दुपारी बाराला माझ्या भावाच्या दाराशी आला. कुस्ती चारला होती. सुतक असलेला माणूस मारुतीच्या मातीत उतरत नाही, ही रीत सगळ्यांना ठाऊक आहे. सांगितले असते तर ते तिथूनच दोनच्या मोटारीने परतले असते आणि आईचे तोंड त्यांना दिसले असते. यजमान तेव्हा आखाड्याकडे गेलेले होते. मी माणिकला जेवायला वाढले. म्हटले, त्यांना मी सांगते, तू कुठे जाऊ नको. आणि मी सांगितले नाही. संध्याकाळी ते कडे घेऊन घरी आले तेव्हा म्हटले, आत्ताच निरोप आला.

इथे पंचफुलाबाईने सूर्य बुडेपर्यंत आईला उचलू दिले नाही. शेवटी चुलतभावाने अग्नी दिला. आम्ही दुसऱ्या दिवशी सकाळी पोचलो तेव्हा राखही निवली होती. माणिक बाराला पोचला होता हे तिला कळलेच होते. तिने भावाला विचारले, आणि त्यांनी सांगितले, “मले मालूम होतं. मीच थांबलो.” मला पाठीशी घालायला ते खोटे बोलले. त्यानंतर ते कधी कुस्ती लढले नाहीत. लोक म्हणाले, पहिलवान हरायला भ्याला. एकोणीस वर्षे त्यांनी दुसऱ्यांना डाव शिकवले आणि सन १९५३ मध्ये गेले. पंचफुलाबाई तेव्हाही रस्त्यावरच उभी राहिली. दोष माझा होता, बोल त्यांनी खाल्ला. हे मी जिवंतपणी बोलू शकले नाही म्हणून इथे लिहिते. माणिक वारला आहे, आता हे दुसऱ्या कोणालाच माहीत नाही.

रविवार, दिनांक ८. वरील पाचव्या कलमात दुरुस्ती करावी लागत आहे. खोडत नाही, कारण खाडाखोड केली की कागद संशयाचा होतो असे अर्जनवीस म्हणाले.

साक्षीसाठी मी अल्लीपूरहून अण्णाजी पहिलवानांना बोलावले होते, ते काल आले. यजमानांनी ज्यांना चीत केले तेच पुढे त्यांचे स्नेही झाले. सही करण्यापूर्वी वाचून दाखवा म्हणाले, डोळ्यांना कमी दिसते. पाचवे कलम संपले तेव्हा त्यांनी हातातली लेखणी खाली ठेवली. मग म्हणाले, “वयनी, यावर मी सही नाई करत. पुनाजीले मालूम होतं.”

मी म्हटले, ते असे सांगत, पण ते माझ्यासाठी.

“तुमच्यासाठी काऊन? मानिकच्या मोटारीतल्या एका मानसानं त्याले आखाड्यापाशीच सांगितलं होतं. सलामीले हात देला तवा मले म्हने, माय गेली, मले सुतक आहे, तुले लढाचं नसन तं आत्ताच सांग, मी परत जातो. मी म्हटलं, तू काऊन थांबला? तं म्हने, मायनं इतके वर्स गडवा भरून उभी राहून दूध पाजलं, ते काय मी इथून पयून जावं म्हनून? त्या दिवशी त्यानं सुतक म्हनून माती कपायाले लावली नाई. लोकायले वाटलं गुर्मी आहे. घरी बाईले अजून पत्ता नाई, म्हने, कुस्ती झाल्यावर मीच सांगीन.”

मी विचारले, इतकी वर्षे तुम्ही मला सांगितले कसे नाही.

“मले काय मालूम तुमाले मालूम नाई? नवराबायको एकोणीस वर्स घरात काय बोलत होते तुम्ही?”

यजमान मला सांगायला घरी आले असतील, तर मीच आधी बोलले की आत्ताच निरोप आला. मग ते गप्प राहिले. मी खोटे बोलले हे त्यांना कळले होते का, ते आता कळायचे नाही. मी काल रात्री बऱ्याच दिवसांनी रडले, आणि आज सकाळी उठले तेव्हा अंग हलके होते, ताप उतरल्यासारखे. मी लपवले हे खरेच आहे. पण मी त्यांना फसवून मातीत उतरवले नाही. ते आपल्या पायांनी उतरले. आणि बहिणीशी ते खोटे बोलले नाहीत.

अण्णाजींनी एक वाक्य लिहायचा आग्रह धरला, ते लिहिते: सुतकाची दया म्हणून अण्णाजींनी ती कुस्ती मुद्दाम हरलेली नाही, यजमानांनी त्यांना सरळ चीत केले.

कलम ६. तालमीने एक नियम पाळावा. कोणाच्या घरचा निरोप आला तर कुस्ती असो वा नसो, ज्याचा निरोप त्याला तो आधी द्यावा. मग लढायचे की जायचे ते त्याचे त्याने ठरवावे.

बुधवार, दिनांक ११. पंचफुलाबाईला माझ्या मागे वाचून दाखवावे असे वर लिहिले आहे. ते मला पटेना. मी आणि अण्णाजी तिच्या दारी गेलो आणि ओसरीवर बसून सगळा कागद वाचला. ती भाजी निवडत होती. मध्ये एकदाच थांबवून विचारले, माणिक तुझ्याकडे काय जेवला. मी सांगितले, भाकर आणि वांग्याची भाजी. ती म्हणाली, “माय निजली होती अंगनात, अन् तो वांगे खात होता.” तिने पुढची जुडी ओढून घेतली.

वाचून झाल्यावर म्हणाली, “दादा खरं सांगून राह्यला होता तं. मी म्हने, बायकोले वाचवासाठी लबाडी करून राह्यला. मी त्याच्यासंग बोलली नाई मरेपर्यंत.” तिने पदराने तोंड पुसले. मग मला म्हणाली, “तुनं लपवलं ते मले त्याच दिवशी समजलं होतं वयनी. मले मालूम नव्हतं असं नाई. तू येऊन सांगितलं नाई, त्याचा राग होता.”

मी म्हटले, आज आले.

“लई उशिरा आली,” ती म्हणाली, आणि चहा ठेवायला उठली.

दुसरा साक्षीदार अजून ठरला नव्हता. ती म्हणाली, मी अंगठा लावते. अण्णाजींनी समजावले की ज्याला काही मिळायचे त्याने साक्षीदार न होणे बरे, पुढे लोक वाद काढतात, तुमच्या नावे तर कडे आहे. ती म्हणाली, मग कडे काढा, अंगठा ठेवा. म्हणून पाचव्या कलमातले कडे या मृत्युपत्रातून वगळले आहे. ते मी आज जिवंतपणी, माझ्या हाताने, तिच्या हातात घातले. त्याच्यावर कोणाचा हक्क नाही आणि या कागदाशी त्याचा संबंध नाही. अंगठा तिने माझ्या घरी येऊन लावला.

यापूर्वी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही. हे पहिले आणि पुरे.

लिहून ठेवणार: भागीरथाबाई पुनाजी वरघणे (सही)

साक्षीदार:
१. अण्णाजी भोयर, पहिलवान, राहणार अल्लीपूर (सही)
२. पंचफुलाबाई, मयत पुनाजी पहिलवान यांची बहीण, राहणार आंजी (मोठी) (अंगठा. शाई जास्त लागून ठसा पसरला आहे, पण तो तिचाच.)

मुक्काम आंजी (मोठी), जिल्हा वर्धा
दिनांक ११ डिसेंबर १९५७