कोरडी भिंत

अब्बा,

परवा रविवारी माझं चित्र विकलं गेलं. तुम्ही म्हणाल, कुठलं चित्र, आणि तू कधीपासून चित्रं विकायला लागलीस? सांगते. तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली, एवढा दम धरलात तर अजून थोडा धरा. गिऱ्हाइकाला तुम्हीच म्हणायचात, "पावणं, काच कापाय मिनिट लागतंय, पुसाय अर्धा तास. बसा की." तसं बसा.

शाहूपुरीत गुळाची एक जुनी वखार होती, तिथं आता गॅलरी झाली आहे. भिंतींना पांढरा रंग दिलाय, वर दिवे लावलेत, पण हवा दमट झाली की अजून गुळाचा वास सुटतो आणि मुंग्या काही केल्या जात नाहीत. ती चालवणारी बाई माझ्याहून वीस वर्षांनी लहान आहे, बोलायला तिखट, मनानं चांगली. दरवर्षी ती इथल्या चित्रकारांचं एकत्र प्रदर्शन भरवते. यंदा बारा जण होते, त्यात एक गारगोटीचे शाळामास्तर, एक गडहिंग्लजची बँकेत नोकरी करणारी मुलगी, बाकीचे कोल्हापुरातलेच. फ्रेमा सगळ्या आपल्या दुकानच्या. हो, दुकान अजून आहे, आणि पाटीवर नाव तुमचंच आहे. यंदा बाईनं मला एक भलतंच काम लावलं. पत्रकात छापायला तिला चार ओळी हव्या होत्या, लोक चित्रं का विकत घेतात या विषयावर. मी म्हटलं, चित्रकारांना विचार. तर म्हणाली, "ताई, चित्र विकलं की चित्रकाराला पुढचं कायबी कळत न्हाई. घेणारा तुमच्याकडंच येतोय की फ्रेम करायला."

आठ दिवस मी त्या चार ओळींपाशी अडून बसले. दुकानात येणाऱ्यांची कारणं मला पाठ आहेत. कुणाला सोफ्याला जुळणारा रंग हवा असतो. कुणी वास्तुशांतीला पाहुणे येणार म्हणून घेतो आणि पाहुणे गेले की फ्रेम महाग पडली म्हणून माझ्याशी भांडतो. एका डॉक्टरांनी चित्रकाराची दया येऊन चित्र घेतलं, मग ते चित्र त्यांना खरंच आवडायला लागलं आणि दयेचं बोलणं त्यांनी बंद केलं. गडहिंग्लजचे ते गुरुजी तुम्हाला आठवत असतील. त्यांनी आठवडी बाजाराचं चित्र घेतलं होतं, कारण त्यात मागच्या बाजूला दोन पांढरे फटकारे होते आणि ते आपल्या वडिलांचं कापडाचं दुकान आहे असं ते शपथेवर सांगायचे. चित्रकारानं स्वतः येऊन सांगितलं, गुरुजी, त्या शेळ्या आहेत. तरी गुरुजींनी चित्र परत केलं नाही. यातलं काय छापायचं?

तुम्ही मात्र कुणाला "का घेतलं" असं कधी विचारलं नाहीत. तुम्ही विचारायचात, "भिंत कुठली?" ते कळल्याशिवाय पट्टीला करवत लावायची नाही हा तुमचा नियम. भिंतीवर ऊन किती वाजता येतं, पलीकडं मोरी आहे का, पावसाळ्यात ओल चढते का, सगळं विचारून घ्यायचात. लोक चिडायचे. मला तो वकील अजून डोळ्यांसमोर दिसतो. मी टेबलाच्या टोकाला पट्ट्यांना पॉलिश लावते आहे, वकील खुर्चीत पाय पसरून सांगतो आहे की त्याच्याकडं इतकी चित्रं झालीत की भिंती संपल्या, हे आत्ता पलंगाखाली ठेवणार. तुम्ही चित्राची सुरळी करता, त्याच्या हातात देता आणि शांतपणे म्हणता, "वकीलसाहेब, पलंगाखाली ठेवाय फ्रेम कशाला? सुतळी बास की." वकील तणतणत गेला. आठ दिवसांनी परत आला, बायकोचं कपाट सरकवून भिंत मोकळी करून. त्या दिवशी मला तुमचा फार अभिमान वाटला होता. पुढं हाच प्रश्न माझ्यावर येणार आहे हे तेव्हा कुठं माहीत होतं?

मी सतरा वर्षांची होते. तुम्ही दुपारच्या नमाजाला गेलात की दुकानात मी एकटी असायची, आणि भिंतीला टेकवून ठेवलेल्या काचांमधून ऊन आत यायचं. काच समोरून पांढरी दिसते, पण कडेला हिरवी असते, आणि तो हिरवा रंग उन्हाबरोबर खालच्या लाकडाच्या भुशावर उतरायचा. ते मी काढलं. नुसता हिरवा कालवायला मला दोन दिवस लागले. चित्र तुमच्यापुढं ठेवून म्हटलं, याला फ्रेम करा. तुम्ही हात पुसलेत, चित्र दारात नेऊन उजेडात धरलंत, खूप वेळ बघितलंत. मी वाट बघत होते. आणि तुम्ही विचारलंत, "भिंत कुठली?"

मी म्हटलं, आपल्या घरातली. "आपल्या घरातली कुठली? तीन भिंतीस्नी वल हाय. चार म्हैन्यांत बुरशी खाईल." मग चौथी, मी म्हटलं. चौथी भिंत तेवढी कोरडी होती, कारण तिच्या पलीकडं अम्मीची चूल होती. तुम्ही म्हणालात, "तितं मक्केची तसबीर हाय. ठीव त्ये बाजूला." संध्याकाळी वर्तमानपत्रात गुंडाळून तुम्ही मला एक वस्तू दिलीत. मला वाटलं रंग असतील. निघाला काच कापायचा हिरा, तुमचाच जुना, मुठीला तुमच्या अंगठ्याचा खड्डा पडलेला. "ह्यो हातात आसला की कुणाफुडं हात पसराय लागणार न्हाय," एवढंच बोललात. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. अम्मीनं सांगितलं, रडायचं तर रड, पण रोटी करपू देऊ नको.

चित्र मी दुकानातल्या रॅकवर ठेवलं होतं, ते नंतर तिथं दिसलं नाही. मी विचारलं नाही आणि पुन्हा रंगही आणले नाहीत. हिरा मात्र हातात बसला, त्यानं मला खरंच कधी उपाशी ठेवलं नाही, हे कबूल करते. पण मला तुमचा राग होता, अब्बा. आयुष्यभर पुरेल इतका. तोंडावर कधी बोलले नाही, म्हणून आता लिहिते.

तीन महिन्यांपूर्वी घरी वायरमनच्या शिडीचा धक्का लागून तसबिरीची काच तडकली. दुकानात आणून मी मागचे खिळे काढले, पाठ उचलली, आणि पुठ्ठ्याच्या जागी माझं चित्र निघालं, तोंड आत केलेलं. चौतीस वर्षं उजेडच लागला नव्हता, त्यामुळे हिरवा काल कालवल्यासारखा ताजा. एका कोपऱ्याला तसबिरीचा कागद चिकटला होता, तो ओल्या कापसानं हळूहळू सोडवला. दुसऱ्या दिवशी गॅलरीची बाई फ्रेमा न्यायला आली तेव्हा चित्र टेबलावरच होतं. तिनं विचारलं, हे कुणाचं? मी तिला सगळं सांगितलं. असंही सांगितलं की माझ्या बापानं घरातली एकुलती एक कोरडी भिंत निवडून, मधे बटर पेपर घालून, हे माझ्यासाठी जपून ठेवलं होतं. बाईच्या डोळ्यांत पाणी आलं. तिथल्या तिथं तिनं ठरवून टाकलं की बारा जणांत तेरावी मी, आणि चित्राखालच्या कार्डावर ही हकीकत तिनं बटर पेपरसकट छापली.

चित्र विकायचं नाही, असं मी तिला आधीच बजावलं होतं. आठवण आहे म्हटलं, विकवत नाही. खरं कारण वेगळं होतं. विकायला ठेवलं आणि कुणी मागितलंच नाही तर तुमचं बरोबर ठरलं असतं, आणि ते मला या वयात सोसलं नसतं. रविवारपर्यंत लोक येत होते, कार्ड वाचून हळहळत होते आणि पुढच्या चित्रापाशी जात होते. चित्राकडं बघायला कुणी थांबत नव्हतं. कार्डाचंच प्रदर्शन झालं होतं म्हणा.

रविवारी दुपारी एक पाहुणे आत आले. राधानगरीकडचे, म्हशींचा गोठा असलेले. शेजारच्या दुकानात पाण्याची मोटार दुरुस्तीला टाकली होती, दोन तास लागतील म्हणाले म्हणून पंख्याखाली बसायला आलेले. वाचायचा चष्मा घरी राहिलेला, त्यामुळे एकही कार्ड वाचायच्या भानगडीत ते पडले नाहीत. हात मागं बांधून बाजारात जनावर बघावं तसे एकेक चित्र बघत गेले आणि माझ्या चित्रापाशी थांबले. इतका वेळ थांबले की मी खुर्चीतून उठले.

"ह्ये कुणी काढलंय?"

मी म्हटलं, मी.

"कितीला?"

"विकायचं नाही."

"मग लावलंय कशाला, अक्का?"

ते चित्राकडंच बघत बोलत राहिले. "आमच्या गोठ्यात कौलांत एक काचंचं कौल हाय. सकाळी धार काढाय बसलो की ऊन तिथनं म्हशीच्या पाठीवर येतंय. आसंच, हिरवट. तीस वर्सं बघतोय मी. घरात सांगिटलं की म्हंत्यात, ऊनच हाय की, त्यात काय बघायचं. आता ह्ये न्हिऊन दावतो. मी एकलाच बघत न्हवतो म्हणायचं."

अब्बा, इतकी वर्षं कोल्हापुरात येणारी-जाणारी प्रदर्शनं मी बघितली, शेकडो चित्रांना फ्रेमा केल्या, पण कुणी असं बोललेलं मी ऐकलं नव्हतं. द्यावं असं वाटत होतं आणि देववत नव्हतं. तुम्हाला विचारायची सोय नव्हती. मग माझ्या तोंडातून आपोआप निघालं, "पावणं, भिंत कुठली?"

ते हसायलाच लागले. "भिंत? राधानगरीत? आमच्यात पावसाचं चार म्हैनं सगळ्या भिंती गळत्यात." मग जरा विचार करून म्हणाले, "पाऊस लागला की उतरीन. कापडात गुंडाळून तांदळाच्या कणगीत ठेवीन, तितं वल लागत न्हाय. दिवाळीला काडून परत लावीन. वरसाला आसंच."

तुमच्या नियमानं मी नाही म्हणायला हवं होतं. भिंत ओली, गळकी, वर गोठ्याची वाफ. पण दरवर्षी उतरवून ठेवणारा आणि दरवर्षी आठवणीनं परत लावणारा माणूस समोर उभा असताना आणखी कसली भिंत बघायची? मी किंमत सांगितली. त्यांनी घासाघीस केली, आणि खरं सांगते, ती घासाघीस ऐकताना मला जेवढा आनंद झाला तेवढा त्या हळहळणाऱ्या लोकांनी कधी दिला नव्हता. बाईनं चित्राशेजारी लाल टिकली लावली. विकलेल्या चित्राला लावतात तशी. पाहुणे म्हणाले, "कुंकू बी लावलं व्हय? बरं झालं, आता पोरगी आमची."

पत्रकातल्या माझ्या चार ओळी तोवर छापून झाल्या होत्या. सौंदर्याची ओढ असलं काहीतरी मी त्यात लिहिलंय. वाचू नका. बाईनं पुढच्या वर्षी चौदा जण घ्यायचे ठरवलेत, त्यात माझं नाव घालू का म्हणून विचारलं. मी हो म्हटलं, आणि काल संध्याकाळी महाद्वार रोडवरून रंगांची पेटी घेऊन आले. दुकानदारानं विचारलं, नातीसाठी का? पिशवी दिली नाही म्हणून मी त्याच्याशी उगीच भांडले.

आता राहिलेलं सांगते. पाहुण्यांना फ्रेम देण्याआधी मी ती उघडली आणि आत बटर पेपर घातला. त्या चित्राला पहिल्यांदा. तुम्ही घातलेला नव्हता, अब्बा. असता तर कोपरा चिकटला नसता, हे मला तुम्हीच शिकवलंय. त्या दिवशी पुठ्ठा संपला असेल आणि हाताला लागला तो कागद तुम्ही आत सरकवला असेल. किंवा जपायचंच असेल आणि घाई झाली असेल. मला माहीत नाही. बाईला मी खोटं सांगितलं, कारण बाप पाठीशी आहे असं म्हटल्याशिवाय ते चित्र लोकांपुढं टांगायची माझी छाती नव्हती. ज्यानं घेतलं त्यानं ते कार्ड वाचलंच नाही, त्याला तुमची गरज पडली नाही. उद्या बाईला खरं सांगून टाकणार आहे, शिव्या खाईन.

मिळालेल्या पैशांतून मी त्याच प्रदर्शनातलं एक छोटं चित्र घेतलं, गडहिंग्लजच्या मुलीचं, एसटी स्टँडवर बाकावर झोपलेली एक बाई. बाईच्या पायातली एक चप्पल खाली पडली आहे, ती कुणीतरी उचलून द्यावी असं मला सारखं वाटत होतं. जन्मभर लोकांच्या चित्रांना फ्रेमा केल्या, पण आपल्या घरी विकत घेतलेलं हे पहिलं. गॅलरीच्या बाईनं लगेच डोळे मिचकावून विचारलं, "ताई, भिंत कुठली?"

हे पत्र कुठं पाठवायचं नाही, दुकानाच्या खणात हिऱ्याशेजारी ठेवते. आज सकाळी तसबीर परत जागेवर लावली आणि शेजारी टेप धरून बघितलं. आणखी एक फ्रेम तिथं आरामात मावते, अब्बा, वर वीतभर जागा उरते. तेव्हाही मावली असती. तुम्ही जागा नाही म्हणालात, आणि मी, फ्रेमवाल्याची पोर, टेप रोज हातात असूनसुद्धा, एकदाही मोजून बघितलं नाही.