पाच रिपोर्ट एकत्र वाचण्याबाबत

प्रति,
मा. नोंद अधिकारी साहेब,
साथरोग नोंद कक्ष, घोडकाठ आरोग्य विभाग,
शिरूर, जि. पुणे.

अर्जदार: सौ. गौतमी सम्राट ओहोळ, वय ३३, मूळ राहणार केडगाव, ता. दौंड, सध्या कारेगाव, ता. शिरूर, चाळ खोली नं. ७.

विषय: अर्जदारास ऑगस्टमध्ये डेंग्यू झाला होता आणि आता तो नाही, या दोन्ही गोष्टी एकाच कागदावर लिहून मिळणेबाबत.

संदर्भ: १) कंपनीच्या लेबर ऑफिसचे पत्र, दि. २५/१०/२०२५.
२) आपल्या खिडकीवरून काल तोंडी मिळालेला नकार.

महोदय,

अर्जदाराच्या सांगण्यावरून हा अर्ज ज्ञानदेव म्हाळू गव्हाणे, निवृत्त लेखनिक, लिहीत आहे. एकतीस वर्षे मी लोकांच्या अर्जांवर 'फाइल करावे' असा शेरा मारला. त्यामुळे आपण काय कराल ते मला आधीच ठाऊक आहे, तरी लिहितो.

१. अर्जदार एका कारखान्यात सहा वर्षे कंत्राटी म्हणून वायरिंगच्या लाइनवर आहे. यंदा कायम करायच्या बायकांच्या यादीत तिचे नाव तिसरे आहे. ३१ ऑक्टोबरपर्यंत मागची रजा मंजूर करून घेऊन ती हजर झाली नाही, तर यादीतून नाव जाईलच, हजेरीपटावरूनही जाईल. केडगावला सासू आणि नववीतली लेक या नोकरीच्या भरवशावर आहेत. म्हणजे साहेब, आजपासून तीन दिवस उरले.

२. दि. १४ ऑगस्टला तिला ताप आला. हाडे फुटत होती, डोळ्यांमागे ठणका होता. १६ तारखेला खोलीतली जोडीदारीण प्राची हिने खांद्याला धरून नाक्यावरच्या लॅबमध्ये नेले. सुरुवातीच्या दिवसांत खुद्द विषाणू पकडणारी तपासणी असते, तिची किट त्या दिवशी संपली होती. शिल्लक होती अँटिबॉडीची. आता अँटिबॉडी तयार करायला रक्ताला पाच-सहा दिवस लागतात, हे आपणांस मी काय सांगावे! विरजण लावून अर्ध्या तासात भांडे तिरपे केले आणि म्हणाले, दही नाही. रिपोर्ट निगेटिव्ह आला. कंपनीच्या डॉक्टरांनी 'साधा ताप' लिहून गोळ्या दिल्या. दोन दिवसांनी अर्जदार शिरूरच्या दवाखान्यात सलाइनवर होती आणि प्लेटलेट अडतीस हजारांवर आल्या होत्या.

३. दि. २८ ऑगस्टचा दुसरा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "डेंग्यू नुकताच होऊन गेलाय, त्याची ही खूण आहे. दोन-तीन महिने दिसत राहील. तुम्ही बऱ्या झालात, जा कामावर." अर्जदार १ सप्टेंबरला डबा घेऊन गेटवर उभी राहिली. गेटवरचे तात्याबा भले गृहस्थ आहेत, पण त्यांच्यापुढे करोनाच्या वर्षापासूनचे एक रजिस्टर आहे. आजारपणावरून आलेल्याने रिपोर्ट दाखवायचा आणि त्यावर 'निगेटिव्ह' असेल तरच आत जायचे, असा त्यात नियम. करोना गेला, तात्याबांचा मास्क गेला, नियम तेवढा ठाण मांडून बसला आहे. तात्याबा म्हणाले, "पोरी, तू बरी हायेस ते मला दिसतंय. पण रजिस्टरात तुझं तोंड न्हाई चिकटवता येत, रिपोर्टच चिकटवावा लागतोय." ती डबा तसाच घेऊन खोलीवर आली.

४. मग १५ सप्टेंबर, पॉझिटिव्ह. मग ६ ऑक्टोबर, पॉझिटिव्ह. या काळात अर्जदार दोन हंडे पाणी जिना चढून नेत होती, चाळीतल्या नळावर भांडत होती आणि दर खेपेला दंड पुढे करून मनात म्हणत होती की बाई, आता तरी विसर. रक्त काही विसरेना. आपलेच रक्त आपल्याविरुद्ध साक्ष देते, याचा माणसाला किती राग यावा! ती खोलीत एकटी रडली, हेही लिहा म्हणाली. लिहिले.

५. दि. २५ ऑक्टोबरला पाचवा रिपोर्ट निगेटिव्ह आला. गेट उघडले. तात्याबांनी आपल्या डब्यातला दिवाळीचा लाडू तिच्या हातावर ठेवला. ती तो तोंडात टाकून लेबर ऑफिसात गेली, तर तिथले रविराज साहेब यांनी पहिला आणि शेवटचा रिपोर्ट टेबलावर शेजारी शेजारी मांडले. "पहिला निगेटिव्ह, शेवटचा बी निगेटिव्ह. मग डेंग्यू झाला कवा? मधल्या तीन रिपोर्टांना तर आपलं गेटच मानत न्हाई. सरकारी दाखला आणा, न्हाईतर बहात्तर दिवस बिनरजेचे." म्हणजे पॉझिटिव्ह असताना ती आजारी म्हणून बाहेर आणि निगेटिव्ह झाल्यावर खोटारडी म्हणून बाहेर. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं! इथे लिहिणाऱ्याचा तोल सुटला, क्षमा असावी. खोडत मात्र नाही.

६. काल ती आपल्या खिडकीवर आली. उत्तर मिळाले, "आता रक्तात काय न्हाई, दाखला कशाचा देऊ? आन् ऑगस्टात कारेगावात डेंग्यूचा एक बी रुग्ण नोंदलेला न्हाई." अर्जदाराने विचारले की मग मी कोण. त्यावर खिडकी जेवायला गेली. डॉक्टरीणबाईंनी आणखी एका अँटिबॉडीची तपासणी सुचवली होती, ती अँटिबॉडी वर्षानुवर्षे रक्तात राहते. जेवणानंतर खिडकी म्हणाली, "त्यात झाला एवढंच कळतं, कवा झाला ते न्हाई." रविराज साहेबांना फोन केला, तर ते दचकलेच. "वर्षानुवर्षं पॉझिटिव्ह? मग गेटातनं आत कशा येणार तुम्ही?" एवढे होऊन ती माझ्या टेबलापाशी आली आणि पाच कागद पुढे टाकून म्हणाली, "आबा, यातला कुठला दाखवू ते तुम्हीच सांगा."

७. साहेब, मी सांगितले की पाचही दाखव. दवाखान्यातून फोनवर खात्री करून घेतली आहे. १६ तारखेला जे रक्तात नव्हते ते २८ तारखेला आले, याचाच अर्थ आजार त्याच दिवसांतला. जुना असता तर पहिल्याच दिवशी काहीतरी दिसले असते. ज्या निगेटिव्ह कागदाने तिला खोटारडी ठरवले, तोच तिचा सगळ्यांत खरा साक्षीदार आहे. संध्याकाळचे दूध, सकाळचे दही आणि दुपारी रिकामे भांडे पाहून, घरात दूध कधी आलेच नव्हते, असे कोणी म्हणते काय? पण पाच टेबलांवर पाच माणसे आपापला एकच कागद वाचतात, तिथे गरिबाने जायचे कुठे?

८. तरी तीन दिवसांत वरीलप्रमाणे एका ओळीचा दाखला द्यावा. आणि एक मागणी अर्जदाराने शेवटी घातली आहे. प्राचीला रविवारपासून ताप आहे. हाडे फुटतात, डोळ्यांमागे ठणका आहे. आज तिसरा दिवस, म्हणजे विषाणूची तपासणी अजून वेळेत होईल. अर्जदाराने तिला लॅबमध्ये चल म्हणून हाताला धरले. तिने हात सोडवून घेतला. म्हणाली, "ताई, तू पाच येळा रक्त दिलंस. काय मिळालं तुला? मी कामावर चालले." दोन गोळ्या खाऊन ती दुसऱ्या पाळीला गेली. तिचेही नाव त्याच यादीत आहे, चौथे. अर्जदाराला तिच्यापुढे बोलायला तोंड उरले नाही, म्हणून आपणांस कळवीत आहे. अर्जदाराच्या दाखल्याला उशीर झाला तरी चालेल, पण खोली नं. ७ वर आजच कोणीतरी पाठवावे, असे तिने मला दोनदा लिहायला सांगितले. खोली नं. ७ वर आजच कोणीतरी पाठवावे.

उत्तराची वाट गेटाबाहेर पाहणारी,
आपली नम्र,
गौतमी सम्राट ओहोळ (सही)

लिहिणार: ज्ञानदेव म्हाळू गव्हाणे (सही)
शिरूर, दि. २८/१०/२०२५

सोबत जोडले आहे:
१ ते ५) अर्जदाराच्या रक्ताचे पाच रिपोर्ट, तारखेप्रमाणे टाचलेले. टाचणी काढू नये.
६) प्राचीचा रिपोर्ट: जोडलेला नाही. काढलेला नाही.