आडोशाचं पदक

मुक्काम राडेस, खेळाडूंचं वसतिगृह
बुधवार

आदरणीय शेदलीमामा,

भाचा लस्साद याचा सलाम. तुमचा गुडघा आणि होडीचं इंजिन, दोघांच्याही प्रकृतीची खबर बरेच दिवसांत नाही. (तुमचा फोन ऑक्टोपस धरायच्या मडक्यासोबत समुद्रात गेल्याचं कळलं. ऑक्टोपस तरी मिळाला का?) म्हणून हे पत्र स्फाक्सच्या गाडीवाल्याच्या हाती धाडतोय. मी इकडे सुखरूप आहे, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो.

पंधराशे मीटरला कांस्यपदक मिळालं. अभिनंदनाची घाई करू नका. शुक्रवारी तुम्ही वडीलधारे म्हणून यायचं, नायलाला मागणी घालायची, दोन्ही घरांनी मिळून लग्न पक्कं झाल्याची फातिहा म्हणायची, असं ठरलं होतं ना? ते सगळं या पदकापायी मोडायच्या बेताला आलंय. पदक गळ्यात आणि नवरी हातची चाललीय, अशी माझी अवस्था आहे.

झालं असं. आमच्या हातांनी पळवायच्या तीनचाकी खुर्च्यांच्या शर्यतीत नुसते दंड मोठे असून भागत नाही. पुढचा वारा खातो आणि त्याच्या पाठीशी चिकटलेला आडोशाला बसून दम राखतो. त्यामुळे पुढे व्हायला कुणी तयार नसतं. दारात दोन व्याही ‘आधी तुम्ही, छे छे, आधी तुम्ही’ करतात तसे जगभरचे गडी रेंगाळत असतात. प्रशिक्षकांनी आम्हा दोघांना वाटून दिलं होतं: पहिल्या दोन फेऱ्या मोन्सेफने वारा खायचा, मग मी. (मोन्सेफ म्हणजे नायलाचा थोरला भाऊ, माझा जिवलग, आणि खोलीत घोरतो तोही तोच.) पण नेमकी त्या दिवशी त्याची आई, झोहरामावशी, चार शेजारणी आणि पोतंभर सूर्यफुलाच्या बिया घेऊन स्फाक्सहून आलेली. आईसमोर आपण सगळ्यांच्या पुढे आहोत म्हटल्यावर मोन्सेफच्या अंगातच आलं! माझी पाळी आली, मी खुर्ची बाजूला काढली, ओरडलो, “सरक की आता!” तर म्हणतो, “आई बघतेय रे, थांब अजून थोडा!” आणि लावला जोर. पुन्हा विचारलं, पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही तेच. शेवटी शेवटच्या वळणावर त्याचे दंड बसले. एक थाई आणि एक स्विस भुर्रकन निघून गेले, आणि मग माझे हात, अल्लाशपथ, मला न विचारता चालले. मी तिसरा, मोन्सेफ चौथा.

झोहरामावशी बाकावर उभ्या राहिल्या आणि मैदान हादरलं. “चोर! धरा त्याला! अख्खी वाट माझ्या पोराच्या मागे लपून आला आणि दाराशी येऊन खिसा कापला!” (पहारेकऱ्यांनी ‘चोर’ एवढंच ऐकलं आणि लघवीला घाईने निघालेल्या एका सज्जनाला तोंडातल्या सँडविचसकट धरलं. त्याची मी मागाहून माफी मागितली. तो अजून रागात आहे.)

नंतर मी मावशींना आडोशाचं शास्त्र समजावायला गेलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, एक बी फोडली आणि म्हणाल्या, “मग एकदा तरी पुढे व्हायचं होतंस मेल्या! हात झिजले असते?”

मामा, याला उत्तर आहे. पण ते दिलं असतं तर चार शेजारणींसमोर मोन्सेफची अब्रू गेली असती. तो मान खाली घालून हातमोज्याचा चिकटपट्टा सोलत बसला होता. मी गप्प राहिलो. इतकं वाईट वाटलं की जेवणही गेलं नाही, आणि माझं जेवण तुम्हाला ठाऊक आहे. मावशींनी फर्मान काढलं: उद्याच्या आठशे मीटरमध्ये वारा तू खायचा, शेवटी पुढे मोन्सेफ जाणार, नाहीतर शुक्रवारी आमचं दार बंद. आणि नायला (आमच्या चाकांची टायरं तीच चिकटवते, तिला थापा चालत नाहीत) जाता जाता कानाशी म्हणाली, “मुद्दाम हरलास ना, तर मीच नाही म्हणेन.” जिंकलो तर सासू गेली, हरलो तर बायको. आई जेवू घालीना, बाप भीक मागू देईना!

असो. मामींना सलाम, मांजराला माशाचं डोकं.

तुमचा,
लस्साद

ता. क. खरं काम राहिलंच. उद्या पहिल्या बोटीने निघा. मैदानात झोहरामावशींच्या शेजारी बसा, आणि शेवटच्या फेरीची घंटा झाली की त्यांच्या भावाने तोडलेल्या ऑलिव्हच्या झाडांचा विषय काढा. तो विषय निघाला की समोर भूकंप झाला तरी त्यांना दिसत नाही. तेवढ्यात मी काय ते उरकून घेतो.

ता. क. दुसरं. झाडांचा विषय काढू नका, नुसते या. आत्ता मोन्सेफ येऊन गेला. रडला गाढव. म्हणाला, “मी आईला सांगून टाकलं, मीच सरकलो नाही म्हणून.” मी विचारलं, “काय म्हणाली?” तर म्हणे, “ती म्हणाली, मला काय डोळे नाहीत? तीनदा तो बाजूला आलेला मी पाहिला नाही?” मग एवढा तमाशा कशाला, मावशी? तर म्हणे, होणारा जावई घरातली गोष्ट पोटात ठेवतो की चव्हाट्यावर नेतो, ते त्यांना बघायचं होतं! मी ठेवली. दार उघडं आहे. उद्या ज्याचं मनगट त्याचं मेडल.

ता. क. तिसरं, घाईत. पत्र वाचून पाहिलं आणि घाम फुटला. घरातली गोष्ट पोटात ठेवणाऱ्या जावयाने ती इत्थंभूत लिहून ठेवलीय! गाडीवाला हॉर्न वाजवतोय, दुसरं लिहायला सवड नाही. मामी, मामांची पत्रं तुम्हीच वाचून दाखवता; हे धक्क्यावर बसून मोठ्याने वाचत असाल तर आता थांबून उपयोग नाही. ज्यांनी ज्यांनी ऐकलं त्या सगळ्यांना माझ्यातर्फे लग्नाचं आमंत्रण द्या. एकदा पंगतीला बसले की घरचेच झाले.